दात काढलेलं मधुमेही मांजर खात नाही: इन्सुलिन द्यायचं की नाही?

तक्रार साधारण अशी असते. मांजराला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन चालू आहे, सगळं बरं चाललं होतं. मग हिरड्या खराब झाल्या म्हणून भूल देऊन काही दात काढावे लागले. घरी आणल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ तोच पेच: इन्सुलिनची वेळ झाली आहे, ताटलीतलं खाणं तसंच पडलंय, आता टोचायचं का? एका वेळी साखर ३४० येते, पुढच्या वेळी ११०. आठवडाभराने मांजर नीट खायला लागतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच साखर एकदम खाली घसरते.

हा पेच दर बारा तासांनी नव्याने समोर येतो, त्यामुळे उत्तर एकदाच ठरवून चालत नाही. दात काढल्यानंतरचे दोन-तीन आठवडे जुना डोस पक्का धरायचा नाही, प्रत्येक इंजेक्शनच्या आधी साखर मोजायची, आणि मांजर खात नसेल तर त्याला दुखतंय असं समजून सुरुवात करायची. माझा सगळा भर या तीन गोष्टींवर आहे.

साखर अशी वर-खाली का होते

सडलेली हिरडी म्हणजे अंगात सतत चालू असलेली सूज आणि जंतुसंसर्ग. अशा सुजेमुळे इन्सुलिनचा असर कमी पडतो. त्यात दुखणं आणि भीती यांनीही साखर चढते. मांजरांत हे इतकं ठळक असतं की मधुमेह नसलेल्या मांजराची साखरसुद्धा दवाखान्याच्या टेबलावर ३०० च्या घरात जाऊ शकते. म्हणजे तुमच्या मांजराचा आधीचा डोस ठरला तो दुखऱ्या तोंडाच्या, सुजलेल्या हिरड्यांच्या मांजरासाठी. दात निघाले, पू गेला, सूज ओसरायला लागली की तेवढंच इन्सुलिन जास्त काम करतं. सुरुवातीचे दिवस खाणंही कमी असतं. एकीकडे शस्त्रक्रियेचा ताण साखर वर ढकलतो, दुसरीकडे कमी खाणं आणि ओसरणारी सूज ती खाली ओढतात. कुठल्या दिवशी कोणाचा जोर जास्त असेल हे आधी सांगता येत नाही, मोजूनच कळतं.

इंजेक्शनच्या वेळी आधी आकडा, मग ताटली, मग सिरिंज

हा क्रम कधीच बदलू नका. घाईत आधी टोचून मग ताटली ठेवायची सवय असेल तर ती या दिवसांत मोडाच.

माणसांचं ग्लुकोमीटर चालतं. मांजराच्या रक्तात ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, त्यामुळे सगळी मोजणी एकाच मीटरवर करा आणि डॉक्टरांना मीटर कुठलं ते सांगा. रक्त कानाच्या कडेच्या बारीक शिरेजवळून घ्यायचं. कान गार असेल तर थेंब येत नाही. मोज्यात तांदूळ भरून ते कोमट करून कानाला शेकलं की येतो. टोचल्यावर कापसाने थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे कान काळानिळा पडत नाही आणि पुढच्या वेळी मांजर पळत नाही.

कुठल्या आकड्याला काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून घरी येण्याआधीच कागदावर लिहून घ्या. रात्री दहा वाजता फोन लागेल याची खात्री नसते. बहुतेक डॉक्टर जे सांगतात त्याचा साचा असा असतो: साखर चढलेली आहे आणि मांजराने नेहमीच्या निम्म्याहून जास्त खाल्लं, तर ठरलेला डोस. साखर चढलेली आहे पण खाणं निम्म्याहून कमी, तर निम्मा डोस. साखर १५० च्या खाली असेल तर इंजेक्शन थांबवायचं, खायला घालायचं, थोड्या वेळाने परत मोजायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. ६० च्या खाली गेली तर तो आणीबाणीचा प्रसंग, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. तुमच्या डॉक्टरांचे आकडे यापेक्षा थोडे वेगळे असू शकतात, कारण इन्सुलिन कुठलं आहे आणि मांजराची किडनी कशी आहे हे त्यांना माहीत असतं. तेच पाळा.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे साखर ३०० च्या वर आणि तोंडात घासही नाही. पुष्कळ जण अशा वेळी घाबरून इन्सुलिन पूर्ण बंद करतात. ‘खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला’ हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मधुमेही शरीराला इन्सुलिन मिळालं नाही की ते चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन साठतात, आणि एक-दोन दिवसांत मांजर सलाइनवर जाण्याच्या अवस्थेला पोचू शकतं. म्हणून अशा वेळी मनाने पूर्ण डोस द्यायचा नाही आणि मनाने डोस बुडवायचाही नाही. डॉक्टरांना फोन करायचा. अनेकदा ते थोडं इन्सुलिन द्यायला सांगतात आणि दवाखान्यात बोलावतात.

लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. एक डबी आणून ठेवाच. लघवी कशी मिळवायची असं सगळे विचारतात. मांजर लिटर ट्रेमध्ये बसलं की मागून लांब दांड्याची पळी हळूच खाली सरकवायची. बहुतेक मांजरं त्या क्षणी हलत नाहीत. पट्टीचा रंग कीटोन दाखवू लागला, त्यात मांजर मलूल आहे किंवा उलट्या करतंय, तर सकाळची वाट पाहू नका.

खात का नाही, हे कसं ओळखायचं

इथे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण बहुतेक घरांत खरी चूक इथे होते. ‘नखरे करतंय’, ‘रुसलंय’ म्हणून लोक तीन प्रकारचे पाऊच उघडतात आणि मांजर तिन्हींकडे पाठ फिरवतं. ताटलीपाशी मांजर नेमकं काय करतं ते नीट पाहा.

ताटली ठेवल्याबरोबर धावत येतं, वास घेतं, एखादा घास उचलतं आणि मग दचकून मागे सरतं, मान एका बाजूला कलती करून चावतं, घास तोंडातून पडतो, पंजाने तोंड घासतं, कधी ताटलीवरच फिसकारतं: भूक आहे, तोंड दुखतंय. अशा मांजराला नवं खाणं नको, वेदनाशामक हवं आहे. चालू असलेलं औषध पुरत नाही किंवा दोन डोसांमधलं अंतर जास्त पडतंय, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेदनाशामक दिल्यावर त्याचा असर चढला की खायला घाला. वेळ अशी जुळवली तर पुष्कळ मांजरं त्याच दिवशी खातात.

ताटलीजवळ येतं, पण वास आल्याबरोबर ओठ चाटतं, आवंढे गिळतं, लाळ गळते, तोंड वळवतं: मळमळ आहे. काही वेदनाशामकांनी, काही अँटिबायोटिकांनी असं होतं. यावर मळमळीचं औषध असतं. मॅरोपिटंट मांजरांना देतात, ते मागून घ्या. भूक वाढवायला मिर्टाझॅपिन देतात. कॅप्रोमोरेलिन नावाचं भुकेचं दुसरं औषध साखर चढवतं, त्यामुळे मधुमेही मांजराला ते कोणी सुचवलं तर मधुमेहाची आठवण जरूर करून द्या.

ताटलीजवळ येतच नाही, पलंगाखाली किंवा कपाटामागे कोपऱ्यात बसून राहतं, हाक मारली तर डोळेसुद्धा नीट उघडत नाही: इथे तोंडाचा विचार बाजूला ठेवा. साखर मोजा, कीटोन बघा, अंग तापलंय का पाहा आणि दवाखाना गाठा.

आणखी एक साधं कारण असतं, गळ्यातला कोन, म्हणजे पंजा तोंडापर्यंत जाऊ नये म्हणून घातलेली प्लास्टिकची पसरट कॉलर. खोल वाटीच्या काठाला तो अडकतो आणि मांजर कंटाळून निघून जातं. पसरट ताटली घ्या, ती थोडी उंचावर ठेवा, आणि तुम्ही समोर बसलेले असताना कोन काढून खाऊ घाला.

वेदनाशामकांबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगतो. घरातलं पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन किंवा डोलो, मांजराला अगदी थोडंसुद्धा देऊ नका. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नाही. मेलोक्सिकॅम डॉक्टर मांजरांना देतात, पण किडनी ठीक असेल तर, मोजून आणि थोडे दिवस. मांजर खात-पीत नसेल तर पुढचा डोस देण्याआधी त्यांना विचारा.

स्टिरॉइडबद्दलही आधीच बोलून ठेवा. हिरड्यांची सूज उतरावी म्हणून लांब असराचं स्टिरॉइड इंजेक्शन देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मधुमेही मांजरात त्याने साखर आठवडेच्या आठवडे चढलेली राहते, आणि एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. शस्त्रक्रिया दुसऱ्या डॉक्टरांकडे असेल तर ‘मधुमेह आहे, मला विचारल्याशिवाय स्टिरॉइड नको’ असं फाइलवर लिहून घ्या.

काय आणि कसं खायला घालायचं

दोन आठवडे मऊ खाणं. खिमट किंवा मूससारखे पाऊच ग्रेव्हीवाल्यांपेक्षा बरे, कारण ग्रेव्ही दाट करायला बहुधा स्टार्च घातलेला असतो. घरचं द्यायचं तर चिकन उकडून त्याच्याच पाण्यात मिक्सरमधून गुळगुळीत काढा. मीठ, हळद, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात. सुरमई, रावस चालेल, काटे हाताने चाचपून काढा. फक्त घरच्या चिकनवर मांजर कायमचं ठेवता येत नाही, त्यात टॉरिन आणि कॅल्शियम पुरेसं नसतं, पण या थोड्या दिवसांसाठी हरकत नाही. दवाखान्यात आजारी मांजरांसाठीचे रिकव्हरी डबे मिळतात. ते मऊ असतात, पिष्टमय पदार्थ कमी असतात, आणि थोडं खाल्लं तरी पोटात बरंच जातं. परवडत असेल तर पहिले चार दिवस तेच द्या.

खाणं अंगाइतकं कोमट हवं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये मध्येच चटका बसेल असा भाग राहतो. कोमट केल्यावर वास उठतो, आणि मांजर वासावर जेवतं. बोटाला थोडं लावून ओठाच्या कडेला टेकवलं तरी पुष्कळदा सुरुवात होते.

आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-भात, दूध-पोळी. मधुमेहात ते नको. पण दात काढल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत पिष्टमय खाणं टाळायचा नियम मी थोडा सैल करतो, अर्थात सुक्या खाण्यापुरता. मांजर दुसरं काहीच तोंडाला लावत नसेल आणि जुनं सुकं खाणं कोमट पाण्यात भिजवून मऊ केलं तर खातं, तर खाऊ द्या. थोडी चढलेली साखर सावरता येते. मांजर उपाशी राहिलं, विशेषतः जाडसर मांजर, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि ते दुखणं मधुमेहापेक्षा जड जातं. म्हणून मधुमेही मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवायचंच.

‘थोडं खाल्लं’ या शब्दांवर डोस ठरत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ताटली आधी आणि नंतर तोला. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात; पाकिटावरचा आकडा पाहून निम्मं म्हणजे किती ग्रॅम ते एकदा काढून ठेवा.

सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका, निदान विचारल्याशिवाय तरी नको. टाके उसवतात, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मांजराच्या मनात ते खाणं आणि वेदना यांची गाठ पडली की पुढे महिनाभर ते त्याला शिवत नाही. बरेच दात काढायचे असतील तर त्याच भुलीत मानेतून अन्ननळीत नळी बसवता येते. लोकांना ती नळी भयंकर वाटते. प्रत्यक्षात मांजर ती सहज सहन करतं, खाणं, पाणी, औषध सगळं न झगडता पोटात जातं, आणि इन्सुलिनचा तो रोजचा पेचच उरत नाही. माझ्या मते मधुमेही मांजराचे सगळे किंवा बरेच दात निघणार असतील तर हा विषय तुम्ही स्वतःहून काढावा.

आठवड्यानंतर साखर खाली येते तेव्हा

तोंड बरं झालं, मांजर आनंदाने खातंय, आता मोजायची काय गरज, असं वाटायला लागतं. मात्र साखर फार खाली जाण्याचा धोका याच दिवसांत जास्त असतो. इंजेक्शनच्या आधीचा आकडा दोन-तीन वेळा ओळीने आधीपेक्षा कमी येऊ लागला की लगेच डोस कमी करण्याबद्दल विचारा. काही मांजरांचं इन्सुलिन तोंडातला संसर्ग गेल्यावर पूर्ण सुटतं. हे खरोखर होतं, आणि योग्य वेळी डोस उतरवला तरच ते नीट पार पडतं.

उलट, पहिल्या आठवड्यात एखादा आकडा ४०० आला म्हणून डोस वाढवू नका. तो ताणाचा असू शकतो. दवाखान्यात मोजलेल्या एका आकड्यावरून तर मुळीच नाही.

साखर फार उतरली की मांजर लटपटतं, मागचे पाय गळतात, अचानक खा-खा सुटते, बाहुल्या मोठ्या होतात, नजर हरवते, शेवटी झटके येतात. काही मांजरं काहीच दाखवत नाहीत, म्हणून आकडा ६० च्या खाली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. शुद्धीवर असेल आणि खात असेल तर आधी खाणं द्या. लटपटत असेल तर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी, साधारण चमचाभर, थोडं थोडं करून गालाच्या आतल्या बाजूला लावा. टाक्यांच्या जागी चोळू नका. झटके येत असतील तर तोंडात काही ओतायचं नाही, मध किंवा ग्लुकोज हिरडीवर फक्त चोपडायचं आणि दवाखान्याकडे निघायचं. दहा-पंधरा मिनिटांनी परत मोजा. ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनचा असर लांबतो, एकदा वर आलेली साखर परत खाली बसू शकते, तेव्हा पुढचे काही तास मोजत राहा.

सिरिंज तपासा

आकडे अगदीच विचित्र येत असतील, तर औषधाआधी सिरिंज बघा. आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज शेजारी शेजारी असतात: लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. ग्लार्जिन, म्हणजे लँटस, बेसालॉग, ग्लॅरिटस, एका मिलिलिटरला १०० युनिटचं आहे. ते यू-४० सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत भरलं तर मांजराला २.५ युनिट जातं. मांजराचा अख्खा डोस अर्धा-एक-दोन युनिटचा असतो, एवढ्या फरकाने जीव जाऊ शकतो. जनावरांसाठीचं कॅनिन्सुलिन किंवा प्रोझिंक ४० युनिटचं असतं. ते यू-१०० सिरिंजने दिलं तर निम्म्याहूनही कमी पोचतं. शस्त्रक्रियेच्या गडबडीत घरातलं दुसरंच कोणी सिरिंज आणायला जातं आणि टोपणाचा रंग बदलतो. कुपीवर आणि सिरिंजच्या पाकिटावर एकाच रंगाची पट्टी चिकटवून ठेवा.

तीन आठवडे झाले, तरी साखर चढलेलीच

आता तोंडात काही राहिलंय का, हे बघायला हवं. दाताचं मूळ आत तुटून राहिलं तर वरची हिरडी बरी दिसते आणि आत संसर्ग चालू राहतो. ते दातांच्या एक्स-रेशिवाय कळत नाही. वरचा सुळा काढलेल्या जागी नाकापर्यंत भोक राहिलं तर मांजर खाताना शिंकतं आणि एका नाकपुडीतून पाणी येतं. वरचा सुळा गेल्यावर खालचा सुळा ओठात रुतू लागतो, तेही पाहा. हे काही नसेल तर लघवीतला संसर्ग, उन्हात किंवा फ्रीझरमध्ये जाऊन खराब झालेलं इन्सुलिन, कोणीतरी दिलेलं स्टिरॉइड, आणि वयस्क मांजरात थायरॉइड, अशा क्रमाने शोधा. फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी मागचे एक-दोन आठवडे साखर सरासरी कशी होती ते सांगते, दवाखान्यातल्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

पुढच्या वेळी भूल द्यायची असेल तर

हिरड्यांचं दुखणं उरलेल्या दातांत परत येतं, त्यामुळे बऱ्याच मांजरांना कधी ना कधी पुन्हा टेबलावर जावं लागतं. त्या दिवशी सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे उपास लांबत नाही आणि संध्याकाळपर्यंत मांजर घरी येऊन खाऊ शकतं. त्या सकाळचं इन्सुलिन किती द्यायचं ते आदल्या दिवशीच विचारा. बहुतेक जण निम्मं द्यायला सांगतात. एक्स-रे काढणार का, नळी बसवणार का, हे विचारा. साखर मोजणारा सेन्सर, फ्रीस्टाइल लिब्रेसारखा, लावायचा विचार असेल तर तो भुलीतच लावून घ्या. केस काढायला आणि चिकटवायला तेव्हा सोपं जातं, आणि घरी आल्यावरचे सुरुवातीचे दिवस कान टोचायची गरज बरीच कमी होते. आकडा अंगाच्या लक्षणांशी जुळत नसेल तर मात्र कानाचं रक्त घेऊन खात्री करा.